सात मऊ, सात कडक

२ सप्टेंबर

"किती दिवस आहेस?" आईने आज विचारलं. तिचे हात पिठात होते, मान खाली होती. दूध संपलंय का असं विचारावं, तितक्या सहज तिने विचारलं. मी म्हटलं, "बघू." ती म्हणाली, "बघू म्हणजे? तुझ्या अंथरुणाच्या चादरी धुवायला काढू की नको?" मी म्हटलं, "नको." पण हे काही उत्तर नव्हे.

म्हणून लिहायला बसले आहे. लिहिलं की माझंच म्हणणं मला नीट कळतं, हे मी ओर्हूसच्या विद्यापीठात पाच वर्षं शिकताना पाहिलं आहे. आमच्या घरात शाळेच्या पुढे जाणारी मी पहिली. बाबाने तीस वर्षं शाळेची बस चालवली, आईने गावोगावच्या सभाघरांसाठी केक भाजले. शाळेची शेवटची परीक्षा पास झाल्यावर मिळालेली माझी पांढरी विद्यार्थी-टोपी काचेच्या कपाटात, चांगल्या कपांच्या शेजारी ठेवलेली असते आणि आई तिच्यावरची धूळ कपांच्या आधी पुसते.

ओर्हूसच्या नगरपालिकेने मला नोकरी देऊ केली आहे. वृद्धांच्या घरी जेवण पोचवणारं जे स्वयंपाकघर आहे, तिथे. महिनाअखेरीपर्यंत कळवायचं आहे. पण ते जेवण गार डब्यातून जातं, एका माणसाला एक डबा, दारातल्या दारात. माझा सगळा प्रबंध याच्या उलट होता. माणूस एकटा जेवला की नुसतं पोट भरतो, चार जणांत बसला की जेवतो, हे मी शंभर पानांत सिद्ध केलं आहे. मग मी तोच गार डबा भरायला कशी जाऊ?

माझ्या मनात दुसरंच आहे. आमच्या दक्षिण युलंडमध्ये कॉफीचं टेबल म्हणजे सात मऊ केक आणि सात कडक. आठवा चालतो, सहावर भागत नाही. पाहुण्याने प्रत्येकातला तुकडा घ्यायचाच, एखादा राहिला तर करणारी बाई "त्यात काय चुकलं होतं?" म्हणून वर्षभर विचारत राहते. कोपनहेगनवाले हसतात. हसोत. पूर्वी आमच्या ऑस्टरलुंडच्या सभाघरात सणाला, लग्नाला, अंत्यविधीनंतर हे टेबल आईच लावायची. गेल्याच्या आदल्या हिवाळ्यात ती बर्फावरून घसरली, खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून ती फाटकाबाहेर गेलेली नाही. "मला घरात बरं वाटतं," म्हणते. भाजते मात्र रोज. सभाघरात आता दुकानातले केक येतात आणि लोक लवकर घरी जातात.

तर माझी योजना अशी: आई जाऊ शकत नाही, तिचे केक जातील. बाबाच्या जुन्या स्टेशन वॅगनच्या मागे लाकडी मांडणी बसवायची, म्हणजे चौदाच्या चौदा केक एका खेपेत, उभेच्या उभे जातील.

सभाघराचा कारभार क्रिस्टेल आत्याकडे आहे. बाबाची मोठी बहीण. ती म्हणाली, "सत्तावीस तारखेला सुगीची मेजवानी आहे. एक संधी देते. केक उभे आले तर वर्षभराची टेबलं तुमची. आडवे आले तर दुकानाची. भाचीबिची मी बघणार नाही."

४ सप्टेंबर

आराखडा झाला. दोन मजले, चौदा कप्पे, प्रत्येक कप्प्याला पुढे पट्टी. मागच्या सीटा आडव्या केल्या तरी चौदा कप्पे मावत नाहीत. पार पुढपर्यंत जायला हवं. तेव्हा ड्रायव्हरच्या शेजारची सीट काढायची. ती तशीही रिकामीच असते.

दुपारी बाबाचा पाना घेऊन मीच काढली. चार बोल्ट, त्यातला एक गंजलेला. सीट उचलून छपरीत ठेवली तेव्हा मला स्वतःचा फार अभिमान वाटला. आई स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी होती. मी तिला हात केला. तिने केला नाही, तिला ऊन डोळ्यावर येत असावं.

आज आईच्या पावांची बुडं करपली. मला आठवतं तेव्हापासून पहिल्यांदा. ओव्हन जुना झाला आहे. पहिली टेबलं मिळाली की नवा घ्यायचा.

६ सप्टेंबर

सकाळी बघते तर सीट पुन्हा गाडीत.

"बाबा, ही कुणी बसवली?"

"मी."

"का?"

"लाल दिवा लागतो. पट्ट्याचा."

"लागू दे की!"

"तपासणीला गाडी नेली की ते विचारतात." तो फळीला रंधा मारत होता, म्हणजे फळीचं एक टोक बारीक करत होता. बाबा माझा फार लाडका आहे, पण सरळ रेषेत त्याने फक्त बस चालवली आहे.

"पण तिथे बसणार कोण आहे?" मी विचारलं.

बाबाने फळी फुंकली, उन्हात धरली, एक डोळा मिटून बघितली आणि म्हणाला, "वाकडी आहे." मग तो कॉफी प्यायला आत गेला.

मी सीट पुन्हा काढली.

९ सप्टेंबर

बाबाबद्दल काळजी वाटते आहे. इथे लिहिते, कारण आईला सांगायचं नाही.

लांब फळ्या कापायला मी त्याला मापं लिहून दिली होती. त्याने सगळ्या आखूड कापल्या. थोड्याथोडक्या नव्हे, चांगल्या हातभर. आणि सगळ्या एकसारख्या आखूड. गाडीत लावून बघितल्या, तर सीट असती तर जिथे तिची पाठ आली असती, बरोबर तिथे संपतात. शिवाय खालचा मजला त्याने गाडीच्या तळापासून वीतभर वर उचलला आहे. मी म्हटलं, "ही खालची जागा फुकट गेली ना?" म्हणाला, "हवा खेळायला."

"केकला खालून कशाला हवी हवा?"

"तूच सांग. तू शिकलीस."

मी कुठल्याच पुस्तकात असं वाचलेलं नाही. मी फार प्रेमाने, त्याला वाईट वाटणार नाही अशा बेताने म्हटलं, "बाबा, डोळे तपासून घेशील का?" तो ताबडतोब हो म्हणाला. त्यामुळे मला आणखीच भीती वाटली.

१० सप्टेंबर

डोळे उत्तम आहेत. डॉक्टर म्हणाले, तीस वर्षं बस चालवलेल्या माणसाचे इतके चांगले डोळे त्यांनी पाहिले नाहीत. बाबा येताना साखरेच्या गोळ्या घेऊन आला आणि आईला भरवल्या. सीट पुन्हा गाडीत आहे. मला बोलायचं त्राण नाही.

१३ सप्टेंबर

पहिली चाचणी. आखूड फळ्यांवर जेवढे मावले तेवढे केक घेतले, बाकीचे मागच्या दाराला टेकवले. आईने राई नावाच्या धान्याच्या पावाचा उंच केक केला होता. किसलेला काळा पाव, हेझलनट, काळ्या मनुकांसारख्या आंबट फळांचा मुरंबा आणि वर भरपूर क्रीम. सगळ्यात नाजूक तोच. तो तरला तर सगळे तरतील, असं मी म्हटलं.

तो तरला नाही. आम्ही चर्चपर्यंत गेलो आणि परत आलो, एवढंच. मागचं दार उघडलं तर राईचा केक शेजारच्या क्रिंगलच्या, म्हणजे वेटोळ्या गोड पावाच्या, मांडीवर डोकं ठेवून झोपला होता आणि दोघांवर क्रीमची रजई. बाबाने लावलेली पुढची पट्टी निखळून खाली पडली होती.

"पट्टी माझी," बाबा म्हणाला.

"कप्पा माझा," मी म्हणाले, आणि मला रडू आलं. सांगायला लाज वाटते, पण केकसाठी रडले.

तेवढ्यात मागून आवाज आला, "चमचे आणा. माशा बसतील." आई होती. वॉकर घेऊन खडीवरून अगदी गाडीपर्यंत आली होती. तो वॉकर एरवी ओसरीत उभा असतो आणि त्यावर बाबाचा कोट वाळत असतो. आम्ही तिघांनी मागच्या दारात उभं राहून, फळीवरूनच, चमच्याने तो सगळा अपघात खाल्ला. आई म्हणाली, "चव चांगली आहे. बसला आहे, एवढंच." बाबाच्या नाकाला क्रीम लागलं होतं ते तिने बोटाने पुसलं आणि बोट चाटलं. मग ती एकदम रस्त्याकडे बघून म्हणाली, "कुणी येतंय का?" आणि आत निघून गेली. कुणी येत नव्हतं.

१४ सप्टेंबर

रडून झालं, आता विचार. दुपारभर मांडणीवर पाण्याने भरलेल्या बश्या ठेवून गाडीतून फिरलो. बाबा चालवत होता, मी मागे पोटावर पडून बघत होते. मागच्या चाकांच्या मागे ठेवलेल्या बश्या रिकाम्या झाल्या, चाकांच्या पुढच्या बश्यांमधलं पाणी नुसतं थरथरलं. म्हणजे शेपटी उडते, पोट उडत नाही. केक जितके पुढे, तितके सुरक्षित. शिवाय बशीखाली रबरी चटई हवी, आणि पट्टीला स्क्रूबरोबर सरसही हवा.

बाबा म्हणाला, "हे बरोबर आहे. मागच्या बाकावरची मुलंच नेहमी ओकायची." मला फार आनंद झाला. पण याचा अर्थ मला पुढची जागा आता आणखी हवी आहे. सीट जायलाच पाहिजे. विज्ञानही तेच सांगतं.

१५ सप्टेंबर

क्रिस्टेल आत्या आली. गाडीभोवती एक फेरी मारली, फळीला टिचकी मारली.

"विद्यापीठात केक न्यायला शिकवत नाहीत वाटतं?"

"बाबाने आखूड कापल्या," मी म्हटलं.

"अस्मुसने? अस्मुस, तू आखूड कापल्यास?"

"कापल्या," बाबा म्हणाला.

आत्याने सीटकडे बघितलं, मग बाबाकडे, मग खिडकीकडे. तिचा आवाज जरा खाली आला. "ग्युडे स्वतः यायची तेव्हा एकही केक कधी आडवा झाला नाही," ती आईबद्दल म्हणाली.

मी विचारलं, "का? तेव्हा रस्ता चांगला होता का?"

आत्या माझ्याकडे बघत राहिली. "तू खरंच खूप शिकली आहेस गं, सिसेल," ती म्हणाली. आत्या सहसा कुणाचं कौतुक करत नाही, म्हणून हे मुद्दाम लिहून ठेवते.

२० सप्टेंबर

आज भांडण झालं. आमच्या घरात भांडण म्हणजे कुणीतरी एक वाक्य मोठ्याने बोलतं.

सात दिवस उरले होते आणि मांडणी अर्धी होती. मी पाना घेऊन पुन्हा सीटशी बसले. बाबाने येऊन सीटवर हात ठेवला. "ती सीट राहू दे."

"बाबा, मग चौदा कप्पे कुठे बसवू? तुझ्या डोक्यावर?"

"ती सीट राहू दे!"

मला वाटतं तो आवाज गोठ्यापर्यंत गेला असेल. आमच्याकडे आता गाई नाहीत हे बरं. मीही ओरडले. म्हटलं, मी कुणासाठी करते आहे हे सगळं? ओर्हूसची नोकरी लांबणीवर टाकून मी इथे गावातल्या माणसांचा एकटेपणा घालवायला आले, आणि माझाच बाप मला एका रिकाम्या सीटसाठी अडवतो! बाबाचा चेहरा लालबुंद झाला.

दारात आई उभी होती. "काय झालं?"

मी तिला आराखडा दाखवला. तिने चष्मा कपाळावरून खाली घेतला. बोटाने एकेक कप्पा मोजत गेली, आणि तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, हिला रडू येतंय. ती हसत होती. वॉकरला धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"अगं, कडक केकांना कप्पे?"

"चौदा असतात ना. सात मऊ, सात..."

"कडक बिस्किटं डब्यात जातात, बाळा! पत्र्याच्या डब्यात! ती काय उभं राहून प्रवास करतात? गोरानच्या पातळ बिस्किटांना काय गाडी लागते?"

मी बाबाकडे बघितलं. बाबाने माझ्याकडे बघितलं. गेले अडीच आठवडे आम्ही दोघं चौदा-चौदा करत होतो. जन्मापासून चौदाच ऐकत आलो. सात आणि सात वेगळे करून बघायचं दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. टेबलावर असतात चौदा, म्हणून गाडीतही चौदा! कुठल्याही परगावच्या माणसाने हे पाच मिनिटांत ओळखलं असतं.

"आणि तू गं," मी आईला म्हटलं, "इतके दिवस खिडकीतून बघत होतीस, बोलली का नाहीस?"

"मला कुणी विचारलं?" आई म्हणाली. "डबे एकावर एक रचायचे आणि मांडीवर घ्यायचे. बस. मी नेहमी..." आणि ती थांबली.

"कुणाच्या मांडीवर?" मी विचारलं.

बाबा हातातल्या स्क्रूकडे बघत होता. छपरीत चिमण्या फार गोंगाट करत होत्या.

"कुणाच्या तरी," आई म्हणाली. "पूर्वी माझ्या." आणि तिने वॉकर वळवला.

ती आत गेल्यावर मी पाना खाली ठेवला. सात कप्पे आखूड फळ्यांवर, चाकांच्या पुढे, अगदी नीट मावतात. माझं विज्ञानही शाबूत आणि बाबाचा लाल दिवाही. मी म्हटलं, "डबे मी घेऊन बसेन."

"नको," बाबा म्हणाला. "तू सायकलने मागून ये. काही पडलं तर तुलाच दिसेल."

हे मला पटलं. मागून निरीक्षण हवंच.

२४ सप्टेंबर

मांडणी पूर्ण झाली. पट्ट्या मी सरस लावून बसवल्या, कडा घासकागदाने घासल्या, रबरी चटया कापल्या. बाबाने फळ्यांना तेल दिलं. एक कोपरा वाकडाच आहे. तिथे त्याने लाकडाची पाचर मारली आहे आणि त्या पाचरीचा त्याला उरलेल्या सगळ्या मांडणीपेक्षा जास्त अभिमान आहे. पाण्याच्या बश्या घेऊन पुन्हा फेरी मारली. एक थेंब सांडला नाही.

नंतर मी ओसरी झाडत होते. वॉकर मध्ये येत होता म्हणून मिटला आणि कुठे ठेवावा म्हणून इकडेतिकडे बघत होते. मागचं दार उघडंच होतं. काय मनात आलं कोण जाणे, मी तो मांडणीच्या खालच्या मजल्याखाली सरकवला. सर्रकन आत गेला. ना इकडे हालला, ना तिकडे. वीतभर हवा, बरोबर वॉकरएवढी.

मग पुढे जाऊन बघितलं. सीटच्या दाराशी एक नवी लाकडी मूठ होती, आधाराला धरायची. मला ती तोवर दिसलीच नव्हती.

वॉकर परत ओसरीत ठेवला, कोट वर टाकला. रात्रीच्या जेवणात त्याला दोन बटाटे जास्त वाढले. तो म्हणाला, "हे काय?" मी म्हटलं, "हवा खेळायला." त्याने बटाटा खाल्ला, आणि खाताना त्याचे कान लाल झाले.

२७ सप्टेंबर

आज सगळं लिहिते, क्रमाने.

सकाळी नऊला केक तयार होते. आईने तिचा निळा कोट घातला, केस विंचरले आणि स्वयंपाकघरात खुर्चीवर बसली. आम्ही दोघं एकमेकांकडे न बघता मऊ केक गाडीत चढवत होतो. राईचा केक मधल्या कप्प्यात, चाकांच्या बराच पुढे. शेवटचा केक ठेवून मी आत आले तर कोट खुंटीवर होता.

"आई?"

"तुम्ही जा. मला इथे बरं वाटतं."

"आई, अगं..."

"सगळा गाव बघेल मला ते चाकांचं घेऊन येताना. ग्युडे म्हातारी झाली म्हणतील. जा, क्रीम वाट बघणार नाही."

मला खूप काही बोलता आलं असतं. माझ्याकडे शंभर पानं आहेत. पण प्रबंधातलं एकही वाक्य आईला म्हणण्यासारखं नव्हतं. मी सायकल काढायला गेले.

बाबाने सातही डबे उचलले, सीटवर एकावर एक रचले, आत बसला, गाडी सुरू केली आणि अंगणात हळूच एक वळण घेतलं. आणि अंगणाच्या मधोमध, जिथे कोंबडीही नव्हती, तिथे करकचून ब्रेक मारला. मी डोळ्यांनी पाहिलं. डबे धडाधड खाली कोसळले. तो आवाज घरात ऐकू जाणारच.

बाबा उतरून दाराशी आला. "डबे पडतात," तो म्हणाला.

"पडतात म्हणजे?"

"सीटवर राहत नाहीत."

आई दारात आली. "तीस वर्षं गावाची पोरं नेलीस आणि सात डबे नेता येत नाहीत तुला?"

"पोरं एकमेकांना धरून बसायची."

"गोरानचा डबा वर होता की खाली?"

"वर."

"अरे देवा!" आई म्हणाली. "चुरा झाला असेल सगळा. असं कुणी रचतं? जड डबा खाली, गोरान वर, आणि वरून हात. हात लागतो, अस्मुस! हात!"

"माझे दोन्ही चाकावर असतात," बाबा म्हणाला.

आईने त्याच्याकडे बघितलं. बरंच बघितलं. चाळीस वर्षं ती या माणसाला ओळखते. ब्रेकचा आवाज तिला कळला नसेल असं मला वाटत नाही. मग तिने खुंटीवरचा कोट घेतला आणि बाही उलटी असतानाच घालायला लागली. मी पळत जाऊन बाही सरळ केली.

गाडीशी आल्यावर तिने लाकडी मूठ धरली. "ही कधी लावलीस?"

"दार सैल होतं," बाबा म्हणाला.

ती बसली. मी एकेक डबा तिच्या मांडीवर दिला. वॉकर मिटून मांडणीखाली सरकवला. तिने मान वळवून पाहिलं, तो कुठे गेला ते. सबंध रस्ताभर मी सायकलवरून मागच्या काचेतून बघत होते, आणि मी केकांकडे बघत नव्हते.

सातही उभे पोचले. राईचा केक किंचित डावीकडे झुकला होता, पण आमच्या चर्चचा मनोराही झुकलाच आहे.

सभाघराच्या दारात आत्या उभी होती. तिने वॉकरकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "ग्युडे, उशीर केलास," ती म्हणाली. "कॉफीची किटली तुझ्या जागेवर आहे." जणू आई गेल्याच आठवड्यात येऊन गेली होती. येस नावाचा म्हातारा दुधवाला तेवढा न राहवून म्हणाला, "दोन वर्षं होतीस कुठे?"

"केक भाजत होते," आई म्हणाली. "आज कुठे गार झाले."

लोक हसले. मग कुणीच वॉकरकडे बघितलं नाही, सगळे टेबलाकडे बघत होते. सात मऊ, सात कडक. गोरान थोडे तुटलेले. आत्याने राईच्या केकचा दुसरा तुकडा घेतला आणि म्हणाली, "जरा कोरडा झालाय."

"म्हणून दोनदा घेतलास?" आईने विचारलं.

अंधार पडेपर्यंत कुणी उठलं नाही. मी कोपऱ्यात बसून चौदा तुकडे खाल्ले, कारण एखादा राहिला असता तर आईने वर्षभर विचारलं असतं.

३० सप्टेंबर

वर्षभराची टेबलं आमची झाली. खरं तर "आमची" लिहिताना पेन थांबलं. मांडणी बसवल्यापासून गाडीत दोनच जागा उरल्या आहेत. एक चालवणाऱ्याची, एक डबे धरणारीची. हे मी आराखड्यात कधी मोजलं नव्हतं. मला वाईट वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं.

काल शेजारच्या हालवाड गावातून फोन आला. त्यांनाही टेबल हवं, उद्याच. आई म्हणाली, "उद्या? लोकांना वाटतं केक झाडाला लागतात." आणि आज उजाडायच्या आत उठून कणीक मळायला घेतली.

दुपारी निघायची वेळ झाली. मी एकेक डबा तिच्या मांडीवर दिला. जड खाली, गोरान वर. बाबा चाकाशी बसून घड्याळ बघत होता. लाल दिवा लुकलुकत होता. आईने पट्टा ओढून लावला आणि तो विझला.

मग तिने काच खाली केली. "सिसेल, किती दिवस आहेस?"

"पंधरा तारखेपर्यंत," मी म्हटलं. "सकाळीच ओर्हूसला फोन केला. येते म्हणून सांगितलं."

आईने गोरानच्या डब्यावरचा हात उचलला आणि परत ठेवला.

"मी त्यांना सांगितलं, नुसते डबे दारात ठेवून यायचं मला जमणार नाही," मी भरभर बोलले. "आठवड्यातून एकदा तरी सगळ्यांना एका टेबलाशी बसवायचं. त्या बाई म्हणाल्या, बघू. मी विचारलं, बघू म्हणजे हो की नाही?"

"मग?"

"हो म्हणाल्या."

बाबाने समोरच्या काचेतून छपरीकडे बघत नाक पुसलं. आईचे डोळे भरले होते. ती म्हणाली, दळलेल्या साखरेने चुरचुरतात. मग तिने डबे छातीशी नीट घेतले.

"चादरी पंधराला धुवायला काढते मग," ती म्हणाली. "आता दार लाव. क्रीमला ऊन लागतंय."

मी दार लावलं.